मुरकूट

संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात प्रभू येशूने शास्त्री आणि परुशी यांची जी कानउघाडणी केली आहे, तिच्यात एक लहानसा कीटक येऊन जातो. पेय गाळताना मुरकूट बाजूला काढणारी आणि उंट मात्र सबंध गिळून टाकणारी मंडळी, असे ते चित्र आहे. वाचकांनी ते कितीतरी वेळा ऐकले असेल. आम्ही तर सत्तावीस वर्षे ते वाचून दाखवीत आणि समजावून सांगत आलो आहोत. सेमिनरीत असताना आमच्या प्राध्यापकांनी मूळ ग्रीक शब्द फळ्यावर लिहिला होता : कोनोप्स. लॅटिन भाषांतरात त्याचा कुलेक्स झाला. लेवीय पुस्तकाने बारीक कीटक अशुद्ध ठरवले, म्हणून धर्मनिष्ठ यहुदी आपला द्राक्षारस कापडातून गाळून घेत. उंटही त्याच पुस्तकाप्रमाणे अशुद्ध, म्हणून त्या उपहासाला धार. असा सगळा खुलासा आम्ही वहीत उतरवून घेतला होता आणि परीक्षेत तो बिनचूक लिहून चांगले गुणही मिळवले होते. परंतु मुरकूट म्हणजे नेमका कोणता जीव, तो कोठे राहतो, काय खातो, हे आम्ही कुणालाही विचारले नाही. ते आम्ही प्रथम नीट पाहिले ते पुलगावात, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, आणि तेही एका गरीब बाईचे नुकसान करून झाल्यावर. ती हकीकत एकदा लिहून ठेवावी, असे बरेच दिवस मनात होते.

पुलगाव हे वर्धा नदीकाठचे, मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे गाव. लष्कराचे मोठे दारूगोळा भांडार, कापसाचा व्यापार आणि कापडगिरणी यांनी ते वाढवले. गिरणीचा भोंगा आता वाजत नाही आणि आर्वीला जाणारी छोटी आगगाडीही थांबली. आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबे भांडारातील नोकरीमुळे येथे आली, काही रेल्वेमुळे; काही गिरणीच्या आधारावर वाढली आणि गिरणी बंद पडल्यावरही येथेच राहिली. सभोवार काळी कापसाची जमीन. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पावसाळ्यात पाणी धरून बसते. आषाढ लागला की चर्चच्या पायऱ्यांवर चपलांची नव्हे, चपलांना लागलेल्या चिखलाची रांग लागते.

अशाच एका आषाढात आमच्या आवारात या बारीक जीवांचा उपद्रव सुरू झाला. प्रथम कम्युनियनच्या तयारीचा वर्ग आम्ही सायंकाळी साडेसहाला व्हरांड्यात घेत असू. मुले प्रार्थना म्हणता म्हणता पोटऱ्या खाजवू लागत. डास म्हणावेत तर गुणगुण ऐकू येत नव्हती. हातावर काळा ठिपका दिसे, मोहरीच्या दाण्याहून मोठा नाही; बोट नेईपर्यंत तो उडालेला असे आणि मागे सुई टोचल्यासारखी आग राही. खिडक्यांना आम्ही नवी जाळी बसवून घेतली, तर हे जीव तिच्या छिद्रांतून सरळ आत आले. एका मुलीच्या पायांवर खाजवून खाजवून फोड उठले आणि तिच्या आईने तिला वर्गाला पाठवणे थांबवले. मग दुसरी आई थांबली. सतरा मुलांचा वर्ग नऊवर आला.

आता काहीतरी केले पाहिजे होते, आणि काहीतरी करण्याची घाई झाली की माणूस सोपे तेच प्रथम करतो. आवारातील जुन्या कडुनिंबाच्या खोडात एक ढोली आहे. तिच्यात पावसाचे पाणी साचते आणि त्या पाण्यात बारीक अळ्या वळवळताना कुणीतरी पाहिल्या होत्या. आम्ही गॅरेजमधून जळके ऑइल आणवले आणि त्या ढोलीत ओतले. तरीही चावे थांबले नाहीत. तेव्हा आमची दृष्टी कुंपणाच्या भिंतीपलीकडे गेली. तेथे धर्मग्रामातील एका वृद्ध विधवेचे घर आहे. यजमान गिरणीत होते. गिरणी बंद पडली, मागोमाग तेही गेले. आजींनी चार शेळ्या पाळल्या आणि त्यांच्यावर स्वतःचा व नातीचा संसार रेटला. त्या वर्षी शेळ्यांबरोबर दोन करडेही होती. रविवारच्या मिस्सेला आजी शेवटच्या बाकावर बसत आणि दानपेटीत नेमाने नाणे टाकीत.

जनावरे आहेत तेथे माश्या-चिलटे असणारच, हे कुणाला पटणार नाही? आम्हांला ते ताबडतोब पटले. येथे 'आम्ही' हा शब्द लिहिताना लेखणी जरा अडखळते. लेखनाच्या रिवाजाप्रमाणे आम्ही स्वतःविषयी 'आम्ही' असे लिहितो. परंतु या ठिकाणी त्या शब्दाच्या आड धर्मग्राम मंडळाला उभे करण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. मंडळाने विषय काढला होता एवढेच. भिंतीपाशी जाऊन आजींना हाक मारणारे आणि "मुलांच्या आरोग्याचा प्रश्न आहे, शेळ्या येथून हलवाव्या लागतील," असे सांगणारे आम्ही एकटेच होतो. आम्ही नम्रपणे बोललो होतो, याचे आम्हांला तेव्हा समाधानही वाटले. आजींनी पदर सावरला, क्षणभर शेळ्यांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "फादर म्हंतात त इकून टाकू." शेळ्या ठेवायला दुसरी जागा त्यांच्यापाशी नव्हती, हे आम्हांला ठाऊक होते. पुढच्या बाजाराला त्यांनी चारही शेळ्या करडांसह विकल्या. विकणाऱ्याची घाई दिसली की भाव पडतो. तसा तो पडला.

एखाद्याने हुज्जत घातली असती तर कदाचित आम्ही थांबून विचार केला असता. आजींनी हुज्जत घातली नाही. फादरांच्या शब्दाला मान देणारी ती पिढी आहे, आणि आम्ही त्या मानाचा असा उपयोग केला. शेळ्या गेल्यावर आठवडा लोटला, दोन आठवडे लोटले. व्हरांड्यातील मुले पूर्वीसारखीच पोटऱ्या खाजवीत होती.

श्रावणाच्या सुरुवातीस धर्मग्रामातीलच एका कुटुंबातील मुलगी सुट्टीला घरी आली. ती नागपूरला पशुवैद्यक शास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. मिस्सा आटोपल्यावर ती भेटायला आली, आमच्या मनगटावरचे लाल ठिपके पाहून थबकली आणि म्हणाली, "फादर, हे डास नाहीत. हे आमच्या अभ्यासातले आहेत." दुसऱ्या दिवशी ती एक उपकरण घेऊन आली : एका नळकांड्यात जांभळट प्रकाशाचा दिवा, त्याखाली छोटा पंखा आणि पंख्याखाली साबणाच्या पाण्याची बाटली. दिवा पाहून कीटक जवळ येतात, पंखा त्यांना खाली ओढतो आणि ते बाटलीत पडतात. एक उपकरण तिने आमच्या मागील अंगणात टांगले, एक आजींच्या रिकाम्या गोठ्यापाशी. ते सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत चालू ठेवायचे होते.

सकाळी बाटलीतला गाळ तिने पांढऱ्या बशीत ओतला आणि भिंग आमच्या हाती दिले. पतंग आणि तुडतुडे यांच्या गर्दीत ते काळे ठिपके होते. भिंगाखाली त्या ठिपक्यांना पाय फुटले, पंख फुटले, आणि त्या पंखांवर करड्या-पांढऱ्या डागांची नक्षी दिसली. प्रत्येक जातीची नक्षी वेगळी असते, अभ्यासक मुख्यतः तिच्यावरूनच त्यांना ओळखतात, असे तिने सांगितले. एक-दोन मादींची पोटे तांबूस दिसत होती. ते रक्त होते. कदाचित आमचेच असेल.

या कीटकांचे कुल फार मोठे आहे. शास्त्रज्ञ त्याला सेराटोपोगोनिडी म्हणतात. या कुलाच्या शंभराहून अधिक प्रजाती आणि सहा हजारांवर जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. अंगाने ते एक ते तीन मिलिमीटर, म्हणून तर जाळीतून आत येतात. डासाची सोंड सुईसारखी रक्तवाहिनीत शिरते. यांच्या मुखाला मात्र करवतीसारखे सूक्ष्म दाते असतात. त्यांनी ते कातडी कापतात आणि जखमेत साचलेले रक्त पितात. आग होते ती त्यामुळे आणि जखमेत सोडलेल्या लाळेमुळे. रक्त पिते ती फक्त मादी, कारण अंडी पोसायला तिला ते हवे असते. नर फुलांतल्या मधावर राहतो. परंतु मुलीने पुढे जे सांगितले ते ऐकून आम्ही चकित झालो. शंभराहून अधिक प्रजातींपैकी माणसाचे वा जनावराचे रक्त पिणाऱ्या प्रजाती अवघ्या चार आहेत. बाकीच्यांपैकी कुणी आपल्याएवढ्या कीटकांची शिकार करतात, कुणी मोठ्या कीटकाला चिकटून त्याचा रस शोषतात, कुणी केवळ फुलांवर जगतात. रक्त पिणाऱ्यांतही एक विलक्षण जात आहे : ती रक्ताने फुगलेल्या डासाच्या पोटावर बसते आणि त्याने चोरलेले रक्त त्याच्याकडून चोरते.

बशीतल्या डागाळ पंखांच्या कीटकांची प्रजाती क्युलिकॉइडीस. नाव ऐकताच आमच्या कानात सेमिनरीतला फळा वाजला. कुलेक्स, म्हणजे लॅटिन बायबलमधले तेच मुरकूट. क्युलिकॉइडीस म्हणजे त्याच्यासारखा दिसणारा. त्या चार प्रजातींतील दुसरीचे नाव लेप्टोकोनोप्स आणि ऑस्ट्रेलियातील अत्यंत दुर्मिळ अशा तिसरीचे ऑस्ट्रोकोनोप्स. संत मत्तयने लिहिलेला शब्द जसाच्या तसा त्या नावांत बसला आहे. आम्ही तीस वर्षांपूर्वी पाठ केलेला शब्द आमच्या व्हरांड्यात येऊन आम्हांला चावत होता आणि आम्ही त्याला ओळखले नव्हते.

या प्रजातीला पशुवैद्यक का भितात, तेही त्या मुलीने सांगितले. मेंढ्यांना ब्लूटंग, म्हणजे नीलजिव्हा नावाचा रोग होतो. ताप येतो, तोंड सुजते, जीभ कधी निळी पडते, जनावर लंगडते आणि पुष्कळदा मरते. हा रोग एका जनावरापासून दुसऱ्याकडे नेणारा हा इवलासा कीटक आहे, हे दक्षिण आफ्रिकेत 1944 साली सिद्ध झाले. भारतात त्याची पहिली नोंद झाली ती 1964 साली, आणि ती आपल्याच महाराष्ट्रातील शेळ्या-मेंढ्यांत. 2006 साली हा रोग उत्तर युरोपातील कळपांतही पोहोचला. माणसाला तो होत नाही. मात्र अमेरिका खंडातील एक क्युलिकॉइडीस माणसांत ओरोपूश नावाचा ताप पसरवते. 1955 साली त्रिनिदादमध्ये सापडलेला हा विषाणू 2024 साली ब्राझील आणि क्यूबा या देशांत हजारोंना भोवला. ती जात आपल्याकडची नव्हे. तरीही हे ऐकताना एक गोष्ट आमच्या मनाला लागली : या कीटकाचा खरा दंड भरतो तो मेंढपाळ आणि शेळ्या राखणारा. आजी या उपद्रवाचे कारण नव्हत्या. उपद्रव वाढता तर त्याची पहिली झळ त्यांच्याच दावणीला लागती.

"पण हे येतात कोठून?" आम्ही विचारले. उत्तर देण्याऐवजी तिने चार बादल्या मागितल्या. क्युलिकॉइडीसची मादी ओल्या, सडक्या मातीत अंडी घालते. शेणमिश्रित चिखल तिला विशेष मानवतो. अंड्यातून निघालेली अळी दोऱ्यासारखी असते, चिखलात सापासारखी वळवळत पोहते. पुढे कोष होतो आणि उष्ण हवेत काही आठवड्यांत पंख फुटलेला कीटक बाहेर पडतो. तेव्हा निरनिराळ्या जागांची माती आणून बादलीत ठेवायची, वर दाट कापड बांधायचे आणि कोणत्या बादलीतून काय निघते ते पाहायचे. पहिल्या बादलीत तिने आजींच्या गोठ्यातली माती घातली. दुसरीत भिंतीलगतच्या नालीतली. तिसरीत नळाखालची.

चौथ्या बादलीसाठी ती आमच्या निवासाच्या मागे गेली. तेथे आमच्या दोन गायी असतात. वाचकहो, या हकीकतीत त्या गायींचा उल्लेख आतापर्यंत आला नाही, याचे कारण एवढेच की त्या काळात तो आमच्याही मनात आला नव्हता. गायी देखण्या आहेत. पाहुण्यांना आम्ही त्या कौतुकाने दाखवतो. त्यांच्या पाण्याच्या हौदाला एक चीर गेली होती. त्या चिरेतून पाझरणारे पाणी शेणखड्ड्याच्या कडेने वाहत जाई आणि पाण्याच्या वाटेवर हिरवट काळा, मऊ चिखल बारा महिने ओला राही. हौदाची दुरुस्ती पुढच्या वर्षी करू, असे आम्ही दोन वर्षे म्हणत होतो. शेळी आपल्या लेंड्या कोरड्या टाकते, आणि आजी गोठा रोज झाडून त्यावर राख पसरीत. आमच्या आवाराची स्वच्छता पाहायला कुणी येत नसे. आमच्याकडे लोक आशीर्वादासाठी येत.

तीन आठवड्यांत निकाल लागला. पहिल्या बादलीच्या कापडाखाली दोन कीटक निघाले. नालीच्या आणि नळाच्या बादल्यांत मोजके. चौथ्या बादलीचे कापड आतून काळे झाले होते. मुलीने मोजायला सुरुवात केली, दोनशेच्या पुढे गेल्यावर ती थांबली आणि आमच्याकडे पाहून काहीच बोलली नाही. तिचे ते न बोलणे आम्हांला अजून आठवते.

आणखी एक बाटली होती. कडुनिंबाच्या ढोलीत जळके ऑइल ओतल्यानंतर जोराचा पाऊस झाला, ढोली भरून वाहिली आणि तिच्यात पुन्हा नव्या अळ्या दिसू लागल्या. मुलीने तेही पाणी एका बाटलीत घेऊन तोंडाला फडके बांधले होते. त्यातून निघालेले कीटक ती नागपूरला घेऊन गेली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तिने आम्हांला फोन केला. "फादर, ढोलीतले वेगळे आहेत. यांचे डोळे केसाळ आहेत. हे डॅसिहेलिया." हे नाव आम्ही कधी ऐकले नव्हते; आमच्या वाचकांपैकीही फारसे कुणी ऐकले नसेल. नावात 'डास' ऐकू येतो खरा, परंतु ग्रीक भाषेत 'डासुस' म्हणजे केसाळ. तिच्या सहाशेहून अधिक जाती जगभर पसरल्या आहेत. झाडांच्या ढोल्या, खडकांतील खळगे, खोडांतून झिरपणारा रस अशा चिमूटभर ओलाव्यात त्या वाढतात. आणि चावऱ्या कीटकांच्या कुलात जन्मलेली ही प्रजाती कुणालाही चावत नाही. तिच्या मादीच्या जबड्यांना कापण्याचे बळच उरलेले नाही. ती फुलांतला मध पिते आणि जाता जाता एका फुलाचे पराग दुसऱ्याला देते.

या कुलाचे आपल्यावर असे उपकारही आहेत, हे आम्हांला तेव्हाच कळले. कोकोचे फूल इतके लहान आणि इतके अडचणीचे असते की मधमाशीला त्याचा उपयोग नाही; त्यात शिरून परागीभवन करणारे मुख्य कीटक याच कुलातील फोर्सिपोमाया प्रजातीचे. त्यांचे पंख सेकंदाला हजाराहून अधिक वेळा हलतात, अशी नोंद आहे. नाताळात आपण मुलांच्या हातावर चॉकलेट ठेवतो, ते या चिलटांच्या श्रमाचे फळ असते. आणि आम्ही ढोलीतल्या त्या निरुपद्रवी जिवांवर जळके ऑइल ओतले होते. का, तर ते आमच्या डोळ्यांना चावऱ्यांसारखे दिसले.

डॅसिहेलिया हे नाव कुणी दिले, याची आम्हांला उत्सुकता वाटली. मुलीने पुस्तकातून पाहून सांगितले : किफर, 1911. पुढे आम्ही स्वतः शोध घेतला, तेव्हा कळले की हे किफर म्हणजे फादर किफर. जाँ-जाक किफर यांचा जन्म 1857 साली लॉरेन प्रांतात झाला. ते कॅथलिक धर्मगुरू होते आणि बिच या लहानशा गावातील विद्यालयात निसर्गविज्ञान शिकवीत. 1925 साली त्यांचे निधन झाले. वर्ग, मिस्सा, आणि उरलेल्या वेळात भिंगाखाली हे बारीक जीव, असे त्यांचे आयुष्य गेले. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधील कीटकांचाही त्यांनी अभ्यास केला आणि 1910 साली त्या संग्रहालयाच्या प्रकाशनमालेत तो प्रसिद्ध केला. भारतातील गोठ्यांभोवती आढळणाऱ्या ऑक्सिस्टोमा आणि पेरेग्रिनस या क्युलिकॉइडीसच्या दोन जातींची नावे त्यांचीच. पेरेग्रिनस ही जात मराठवाड्यातील जनावरांभोवती मोठ्या संख्येने असते, असे परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयातील अभ्यासकांना आढळले आहे. लॅटिनमध्ये पेरेग्रिनस म्हणजे परदेशी, यात्रेकरू. ख्रिस्तसभा स्वतःला यात्रेकरू म्हणवते तेव्हा हाच शब्द वापरते.

फादर किफर यांच्या या कामाला त्या काळच्या भाविकांनी काय म्हटले असेल? आत्म्यांची चिंता सोडून चिलटांच्या मिशा मोजत बसलेला धर्मगुरू, असे कुणी हसलेही असेल. आम्हांलाही पूर्वी तसेच वाटले असते. आता वाटत नाही. चावणारा कोण आणि न चावणारा कोण, हे त्यांनी डोळ्यांवरचे केस पाहून वेगळे केले. दिसायला सारखे म्हणून सर्वांना एकाच शिक्षेस पात्र ठरवले नाही. आम्ही एक मिलिमीटरच्या जिवाच्या बाबतीत तेवढे श्रम घेतले नाहीत, हे एक वेळ क्षम्य. चार शेळ्या राखणाऱ्या एका बाईच्या बाबतीतही घेतले नाहीत.

मुलीने बादल्या मोजल्या तो रविवार होता. मंगळवारी पहाटेच्या मिस्सेसाठी आम्ही वाचनग्रंथ उघडला. सामान्यकाळाच्या एकविसाव्या आठवड्यातील मंगळवार. दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीस तो येतो आणि त्या दिवशीचे शुभवर्तमान ठरलेले असते : शास्त्री, परुशी, मुरकूट आणि उंट. चर्चमध्ये नऊ माणसे होती. शेवटच्या बाकावर आजी होत्या. आम्ही वाचन पूर्ण केले आणि प्रवचनासाठी उभे राहिलो, तेव्हा कोनोप्स आणि कुलेक्स यांविषयीचे नेहमीचे शब्द ओठांवर आले नाहीत. मुरकूट कोठून आले आणि उंट कोणी गिळला, हे आम्ही जसे घडले तसे सांगितले. हौदाच्या चिरेचेही सांगितले. सांगायला चार मिनिटे लागली असतील. नऊ माणसांपुढे बोलताना आमचा आवाज कापला, तसा तो भर नाताळच्या गर्दीतही कधी कापलेला नाही.

त्याच दिवशी आम्ही आजींच्या घरी गेलो. भिंतीपाशी उभे राहून त्यांना हाक मारणे वेगळे आणि फाटकातून बाहेर पडून, वळसा घालून त्यांच्या दारात जाणे वेगळे. पाच वर्षांत आम्ही तो वळसा दोनदाच घातला होता. शेळ्यांच्या रास्त भावाची रक्कम आम्ही पाकिटात घालून नेली होती. आजींनी चहा ठेवला. पाकीट आमच्याच बाजूला सरकवले. मग कोपऱ्यातल्या रिकाम्या गोठ्याकडे बोट करून म्हणाल्या, "पैशाचं काय घेऊन बसले, फादर? तुमी एकडाव येऊन पाहाले पायजे होतं. माहा गोठा कोरडा होता."

या वाक्यात राग नव्हता. राग असता तर आम्ही क्षमा मागून मोकळे झालो असतो. आमच्यापाशी उत्तर नव्हते, म्हणून आम्ही चहा प्यायलो आणि गोठ्यात जाऊन उभे राहिलो. राखेवर अजून खुरांचे ठसे होते.

पुढे आजींनी पैसे घेतले नाहीत ते नाहीतच. मात्र नातीने हट्ट धरला म्हणून दिवाळीनंतर आमच्याकडून एक पाठ घेतली. तिचे दोन वेतांत चांगले झाले. हौदाची चीर आम्ही त्याच आठवड्यात बुजवून घेतली, शेणखड्डा उंचावर हलवला आणि ओला चिखल उपसून उन्हात पसरला. मुलीच्या सांगण्यावरून व्हरांड्यात दोन पंखे लावले. हे कीटक इतके हलके असतात की पंख्याच्या वाऱ्यापुढे त्यांना उडता येत नाही. पुढच्या पावसाळ्यात चावे पुष्कळ कमी झाले, पूर्ण थांबले नाहीत. वर्गात पुन्हा सतरा मुले आली. ज्या मुलीचे पाय फोडांनी भरले होते, तिने पुढच्या नाताळात गायनवृंदात गायले.

कडुनिंबाची ढोली सिमेंटने बुजवून टाकावी, असा प्रस्ताव मंडळापुढे एकदा आला. आम्ही तो मान्य केला नाही. त्या पाण्यात डासांच्या अळ्याही होऊ शकतात, हे खरे. दिसल्या तर पाणी उपसायचे, इतकेच ठरवले. त्यासाठी कुणीतरी नेमाने पाहिले पाहिजे. ते काम आम्ही स्वतःकडे घेतले आहे. शनिवारी सायंकाळी पापनिवेदनासाठी आसनावर जाऊन बसण्यापूर्वी आम्ही विजेरी आणि भिंग घेऊन कडुनिंबापाशी जातो, वाकतो, आणि आत काय आहे ते पाहतो.